"ह्याचे किती मिळतील?" विचारण्याआधी: जुन्या नाण्यांबद्दल ऑनलाइन सल्ला कसा मागावा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात जुन्या नाण्यांच्या फेसबुक आणि व्हॉट्सॲप समूहांवर एका ठरावीक पोस्टचा पूर येतो. घरोघरी साफसफाई चालू असते, माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येतो आणि त्यात आजीनं पुरचुंडीत बांधून ठेवलेली नाणी सापडतात. मग तळहातावर नाणं, वर ट्यूबलाइट, एकच हललेला फोटो आणि खाली तीन शब्द: "ह्याचे किती मिळतील?"

खाली कोणी "जपून ठेवा" म्हणतं, कोणी "इनबॉक्स बघा" म्हणतं, कोणी नुसता हसरा चेहरा टाकून जातं. विचारणाऱ्याला वाटतं की हे लोक शिष्ट आहेत. रोज अशा पोस्टी बघणाऱ्या जाणत्यांना वाटतं, आला अजून एक. माझ्या मते दोघांचं बिनसतं ते प्रश्नाच्या मांडणीवरून. उत्तर देणाऱ्याच्या हातात नाणं नसतं. तुम्ही जे दाखवाल आणि लिहाल, तेवढंच त्याच्याकडे असतं, आणि तो हे सगळं फुकट, जेवण झाल्यावर मोबाइल हातात घेऊन करत असतो. त्याचा वेळ वाचवणं हाच इथला खरा शिष्टाचार. पोस्टमध्ये चार वेळा "प्लीज सर" लिहून जे होत नाही, ते एका नीट फोटोनं आणि ग्रॅममधल्या वजनानं होतं.

सगळ्यात आधी: घासू नका

हे पहिलं लिहितोय, कारण बाकी चुका दुसऱ्या पोस्टमध्ये सुधारता येतात, ही येत नाही. तांब्याचं नाणं काळंकुट्ट दिसलं की आपला हात आपोआप चिंच, लिंबू नाहीतर पितांबरीकडे जातो. देवाची भांडी अशीच घासतो ना आपण! पण नाण्यावरचा तो काळपट, तपकिरी किंवा हिरवट थर वर्षानुवर्षं हळूहळू तयार झालेला असतो, आणि संग्राहक नाण्याचं वय आणि अस्सलपणा जोखताना तोच थर आधी बघतो. घासलेली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) लालभडक होते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि खरी असूनही ती कालच पाडल्यासारखी दिसते. चांदीच्या रुपयाला टूथपेस्ट लावली की त्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटतं, ते फोटोतही दिसतं.

माती फारच चिकटली असेल तर साध्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ कापडावर टिपून घ्या आणि तिथंच थांबा. आधीच घासून झालं असेल तर पोस्टमध्ये तसं सरळ लिहा. लपवलंत तरी कळतंच, आणि मग तुमच्या बाकीच्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

स्वतः किती शोधायचं?

समूहात सामील झाल्याबरोबर वर खोचलेली सूचनांची पोस्ट वाचा. पुष्कळ समूहांत ओळख पटवण्याला परवानगी असते, पण खरेदी-विक्रीला बंदी असते. काहींत किंमत विचारण्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता टाकलेली पोस्ट ॲडमिन काढून टाकतो, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नसतो.

मग नाण्यावर काय वाचता येतं ते बघा. साल आहे का, कोणाचं नाव आहे, लिपी कोणती आहे. समूहातल्या शोधाच्या चौकोनात तेवढंच टाकून जुन्या पोस्टी चाळा. काही प्रश्न तर इतक्या वेळा येऊन गेलेत की उत्तर तिथंच पडलेलं असतं:

रामदरबार किंवा हनुमान एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, "हाफ आना", १६१६ किंवा १८१८ असलं साल. कंपनीनं असं नाणं चलनात कधीच आणलं नाही. हे अलीकडे बनवलेले तुकडे आहेत आणि त्यांच्याभोवती "तांदूळ ओढतं", "वीज खेचतं" अशा राइस पुलरच्या भाकडकथा गुंडाळून लोकांना लुबाडलं जातं. (पूजेतल्या जुन्या रामटंका ही वेगळी गोष्ट. त्यांचे संग्राहक आहेत, पण ते त्यांना नाणी न म्हणता टोकनं म्हणतात.)

वैष्णोदेवीचं चित्र असलेली २०१२ ची पाच आणि दहा रुपयांची नाणी, ट्रॅक्टरची पाचाची नोट, शेवटी ७८६ असलेली नोट. व्हिडिओत ह्यांना लाखो मिळतात. वैष्णोदेवीचं नाणं वाण्याकडे दिलंत तर पाचाला पाच मिळतील, कारण ते चलनातलं नाणं आहे.

१९४७ चा वाघाचा रुपया चुंबकाला चिकटतो म्हणून "नकली आहे का?" ही विचारणाही नेहमीची. तो शुद्ध निकेलचा आहे, त्यानं चिकटायलाच हवं.

ह्यात तुमचं नाणं बसत नसेल, तर विचारा. स्वतः शोधून आलेल्या माणसाचा प्रश्न ओळखू येतो आणि त्याला उत्तर द्यायला लोकांना हुरूप येतो. मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. सगळं कळल्याशिवाय विचारायचंच नाही असा नेम केलात तर नवखा माणूस कधी बोलणारच नाही. अर्धा तास शोधलं, अडलं, की पोस्ट लिहायला बसा.

फोटो, वजन, माप

दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. एकाच बाजूचा फोटो म्हणजे अर्धा प्रश्न. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, साध्या पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर नाणं ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल नाण्याच्या बरोबर वर धरा. फार जवळ नेलात तर मोबाइलचा फोकस सुटतो; थोडं वर धरून नंतर फोटो कापलेला बरा. बोटांत धरून काढू नका, बोटांचा घाम नाण्याला लागतो आणि कड झाकली जाते. प्लास्टिकच्या पाकिटातून काढलेल्या फोटोत नाण्यापेक्षा चकाकीच जास्त येते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडीचा पर्याय निवडा, नाहीतर बारीक खुणा पुसल्या जातात.

नाणं सरळ धरून फोटो काढा. देवनागरी असेल तर हे सोपं आहे. शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपति" असतं, पण ठशापेक्षा तांब्याचा तुकडा लहान असल्यानं अर्धी अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात, आणि "छत्र" कुठं तुटलं, "पति" कुठं आलं ह्यावरूनच प्रकार ठरवावा लागतो. तिरपा फोटो असेल तर जाणताही चुकतो. पेशवाईतल्या अंकुशी रुपयासारख्या नाण्यांवर मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असतो. तो वाचता आला नाही तर लाजू नका. "लिपी उर्दूसारखी दिसते, सरळ बाजू कोणती ते कळत नाही" असं लिहिलंत तरी पुरे. अंकुश, सूर्य, परशू, त्रिशूळ अशी एखादी खूण ओळखता आली तर तेवढी नमूद करा, टांकसाळ शोधायला तीच कामी येते.

आता वजन. नवखे लोक हे टाळतात आणि जाणते आधी हेच मागतात. १८३५ पासूनच्या कंपनीच्या आणि पुढे राणीच्या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, १९४० पासून चांदी निम्म्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर आली. तेव्हा चांदीचा म्हणून दाखवलेला १८४० चा रुपया ९ ग्रॅम भरला, तर पुढची चर्चा करायची गरजच उरत नाही. झिजेनं वजन थोडं घटतं, इतकं नाही. घरी दोन दशांशांपर्यंत मोजणारा छोटा काटा नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे जा. त्याला फक्त वजन करायला सांगा. कसोटीवर घासू देऊ नका. व्यास साध्या पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजला तरी चालतो. कड गुळगुळीत आहे की दातेरी, हेही लिहा, आणि शक्य असेल तर कडेचा एक फोटो जोडा. साच्यात ओतून केलेल्या नकलेची सांधरेष बहुधा कडेवरच दिसते.

शेवटचा फोटो खुणेचा. सातव्या एडवर्डच्या रुपयावर खाली बारीक "बी" असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईसाठी खालच्या फुलाजवळ उठावाचा ठिपका असतो. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली बघा: पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ह्या खुणेपायी एकाच सालाच्या दोन नाण्यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर पडू शकतं, आणि ती खूण फोटोत नसेल तर उत्तर देणारा अंदाजपंचेच बोलणार.

प्रश्न लिहिताना

पोस्टच्या पहिल्या ओळीत नाणं येऊ द्या, स्वतःची कहाणी नंतर. "अर्जंट मदत हवी" हे शीर्षक जाणत्याला काहीच सांगत नाही, "१८६२ चा रुपया, मुंबई टांकसाळ आहे का?" हे वाचून ज्याचा तो विषय आहे तो थांबतो. एक नमुना देतो.

"सर्व जाणकारांना नमस्कार. आजोळच्या डब्यातलं नाणं आहे. वजन ११.५ ग्रॅम, व्यास सुमारे साडेतीस मिमी, कड दातेरी, चुंबकाला चिकटत नाही, घासलेलं नाही. एका बाजूला राणी आणि इंग्रजीत व्हिक्टोरिया क्वीन, दुसऱ्या बाजूला वन रुपी इंडिया १८६२. हे साल कायम ठेवून पुढेही काही वर्षं रुपये पाडले गेले असं वाचलं. माझ्या नाण्याच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके दिसतात, जवळून काढलेला फोटो तिसरा आहे. ठिपक्यांवरून प्रकार कसा ओळखायचा, आणि माझ्या मोजणीत काही सुटतंय का, एवढं सांगाल का? विकायचं नाही."

ह्यात बघा, वाचणाऱ्याला उलटा एकही प्रश्न विचारावा लागत नाही. आधी काय वाचलं तेही कळतं, त्यामुळे तो पहिलीपासून शिकवत बसत नाही, आणि नेमकी अडचण कुठं आहे ते समोर असतं. "विकायचं नाही" ह्या दोन शब्दांनी इनबॉक्समधली निम्मी गर्दी तिथल्या तिथं कमी होते. विकायचं असेल तर तेही उघड लिहा. आडून "सहज विचारतोय" म्हणत भाव काढणं लोकांना लगेच समजतं.

एका पोस्टमध्ये एक नाणं, फार तर एका राजवटीची चार. चाळीस नाण्यांचा ढीग पसरून "ह्यात काही दुर्मीळ आहे का?" विचारलं की ते उत्तर द्यायला कोणाचा रविवार रिकामा नसतो. डबा मोठा असेल तर आधी धातू, मग साल ह्याप्रमाणे वाटे करा आणि वेगळं दिसणारंच आधी टाका.

भाषेचं म्हणाल तर समूह मराठी असेल तर खुशाल मराठीत लिहा, मोडकी इंग्रजी कोणी मागितलेली नाही. अखिल भारतीय समूहात साध्या हिंदीत. आणि संबोधनात सरसकट "सर, सर" करत जाऊ नका. नाण्यांतल्या जाणकार बायका कमी नाहीत, त्यांनाही दिवसभर "सर" ऐकावं लागतं. ज्येष्ठ कोणाचं उत्तर आलं तर अहो-जाहो करा, नाव माहीत असेल तर नावानं बोला.

किंमत विचारायची असेल तर

किंमत विचारणं हा गुन्हा नाही. पण क्रम उलटा झाला की फसगत होते. आधी नाणं काय आहे ते ठरू द्या, मग अस्सल आहे का, मग त्याची स्थिती कशी आहे, आणि शेवटी भाव. चारही गोष्टी एका पोस्टमध्ये कोंबल्या की लोक शेवटच्या प्रश्नाकडे बघून बाकी सोडून देतात.

ओळख पटली की असं विचारा: "ह्या स्थितीतलं असं नाणं अलीकडे लिलावात साधारण कितीला गेलेलं कोणी पाहिलंय का?" त्यात कोणावर भाव सांगण्याची जबाबदारी येत नाही, आणि येणारा आकडा झालेल्या विक्रीचा असतो. विक्रीच्या संकेतस्थळावर कोणीतरी लावलेली किंमत म्हणजे त्याची इच्छा; तिला भाव समजू नका. सामान्य सालाचा, झिजलेला चांदीचा रुपया असेल तर तळाचा हिशोब स्वतःच करता येतो. ११.६६ ग्रॅममध्ये साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, गुणिले आजचा दर. समूहात "एवढेच?" म्हणून रुसणारे बरेच दिसतात. शंभर वर्षं जुनं असणं आणि दुर्मीळ असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पाचव्या जॉर्जचे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले होते.

उत्तरं आल्यानंतर

इथं पुष्कळ जण गायब होतात. कोणी वजन विचारलं, कोणी कडेचा फोटो मागितला, आणि पोस्ट टाकणारा तीन दिवस फिरकलाच नाही. पोस्ट अशा वेळी टाका की पुढचे तास-दोन तास तुम्ही हाताशी असाल.

दोन जाणत्यांची मतं वेगळी पडली तर मध्येच "मग नक्की खरं काय?" असं ओरडू नका. "कोणत्या खुणेवरून असं म्हणता?" हे विचारा. कारण सांगणाऱ्याचं मत घ्या, नुसतं "फेक" लिहून जाणाऱ्याचं बाजूला ठेवा. आणि नाणं नकली निघालं तर वाद घालू नका. "आजोबांनी स्वतः ठेवलेलं आहे" हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही. आजोबांच्या काळातही नकला होत्याच. शंका उरली तर अधिक चांगले फोटो काढून त्याच पोस्टखाली टाका. तोच प्रश्न न सांगता पाच समूहांत टाकून हवं ते उत्तर शोधत फिरणारा लवकर ओळखू येतो, कारण जाणते बहुधा त्या पाचही समूहांत असतात. दुसरीकडे विचारायचं असेल तर तसं सांगून विचारा.

उत्तर आलंच नाही तर दोन दिवस थांबा. मग नव्या फोटोसकट किंवा नव्या माहितीसकट त्याच पोस्टखाली एक ओळ लिहा. अनोळखी तज्ज्ञांना नावानं टॅग करत सुटू नका, आणि रात्री अकराला थेट फोन तर मुळीच नको.

ओळख पटली की पोस्टच्या वरच निकाल लिहून ठेवा: "हे दुदांडी शिवराई निघालं, आभार." पोस्ट पुसू नका. पुढच्या दिवाळीत तशाच डब्यातलं तसंच नाणं घेऊन येणाऱ्याला शोधात तीच सापडणार आहे.

इनबॉक्समधले मित्र

पोस्ट टाकल्यावर तासाभरात दोन प्रकारचे संदेश येतात. पहिला, "मी घेतो, किती देऊ?" ओळख आणि स्थिती ठरायच्या आत आलेली कुठलीही बोली नम्रपणे नाकारा, घाई त्याला असते, तुम्हाला नसते. दुसरा अधिक वाईट: "तुमच्या नाण्याला दहा लाख मिळतील, आधी नोंदणी शुल्क, जीएसटी भरा," सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन देऊन स्पष्ट केलंय की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत पडत नाही आणि कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, असा सौदा दिसला की संवाद तोडा आणि त्या खात्याचा स्क्रीनशॉट ॲडमिनला पाठवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

नाण्याच्या फोटोत घराचा पत्ता, कपाटाचं कुलूप, बाकीचा संग्रह दिसणार नाही हेही बघा. किती नाणी आहेत हा आकडा जाहीर करायची गरज नसते.

समूहात न टाकण्याजोगं

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना मडक्यात नाणी सापडली तर त्याचा फोटो टाकून भाव विचारू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. कायद्यातला आकडा तेव्हाचा आहे, बंधन आजचं आहे. आधी जिल्हाधिकारी कार्यालय, मग समूह.

अमेरिकेतले, दुबईतले नातेवाईक वाटणीतली नाणी सोबत न्यायचं म्हणतात तेव्हाही आधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. समूहात कोणी "नेतात सगळे, काही होत नाही" असं सांगेल. विमानतळावर तो तुमच्याबरोबर नसेल.

आणि फोटोंवरून निकाल लागत नसेल, जाणत्यांनीच "हातात घेऊन बघावं लागेल" म्हटलं, तर प्रत्यक्ष जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं संग्रहालयही आहे. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. तिथं भाव सांगत नाहीत, पण अस्सल नाणं कसं दिसतं त्याची नजर तयार होते. मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं संग्राहक आणि व्यापारी दोघं भेटतात. जाताना प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर वजन आणि समूहात मिळालेली ओळख लिहा. दाखवताना नाणं कडेला धरून द्या, खाली रुमाल पसरलेला असू द्या, आणि भाव नंतर विचारा.